दृष्टिहीन लिपिकाचं टेबल: संगणक बोलता करण्यापासून स्कॅनच्या कागदापर्यंत

आरक्षणातून दृष्टिहीन उमेदवार लिपिक म्हणून रुजू होतो. साहेब आस्थेने चौकशी करतात, टेबल-खुर्ची मिळते, आणि मग काम काय द्यायचं यावर गाडी अडते. बऱ्याच कार्यालयांत शेवटी त्याला टेलिफोनजवळ बसवतात, नाहीतर ‘तुम्ही बसा, आम्ही बघतो’ असं सांगतात. पगार वेळेवर होतो, पण हाताला काम नसतं. इतरांसारखाच अभ्यास करून, परीक्षा देऊन आलेल्या माणसाला असं बसवून ठेवणं हा त्याचा अपमान आहे. त्यातही वाईट वाटतं ते अशासाठी की अडचणी बहुतेक ठिकाणी त्याच त्या असतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आठवडाभरात सुटण्यासारख्या असतात. त्या अडचणी डोळ्यांपेक्षा फायलींत जास्त असतात: जुन्या फॉन्टमधलं टिपण, वाकडं स्कॅन केलेलं परिपत्रक, जोडलेल्या चौकटींची एक्सेल शीट.

पुढचं सगळं कार्यालयप्रमुखांसाठी, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांसाठी आणि रुजू होणाऱ्याने स्वतः जवळ ठेवावं म्हणून लिहिलं आहे.

यंत्र आणि आवाज

महाग काही लागत नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा संगणक पुरतो. जुन्या हार्ड डिस्कवर आवाज बटणामागून उशिरा येतो आणि माणूस तेच बटण दोनदा दाबून बसतो, म्हणून एसएसडीचा आग्रह धरा. कीबोर्ड पूर्ण आकाराचा घ्या, उजवीकडे अंकांचा वेगळा भाग असलेला. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या डेस्कटॉप मांडणीत ओळ, शब्द, अक्षर वाचण्याच्या आज्ञा त्या अंकांवरच असतात. एफ, जे आणि अंकांतल्या ५ वर उंचवटा आहे की नाही ते बोट फिरवून पाहा. स्वस्त कीबोर्डवर तो लवकर झिजतो, मग त्या जागी पारदर्शक चिकट ठिपका लावायचा.

हेडफोन एका कानाचा घ्यावा. दोन्ही कान झाकले की साहेबांनी मारलेली हाक, समोर येऊन उभा राहिलेला नागरिक, वाजणारा फोन हे काहीच कळत नाही, आणि मग ‘याचं लक्ष नसतं’ असा शेरा बसतो. मॉनिटर काढून टाकू नका. मदतीला आलेल्याला तो लागतो.

स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए पुरेसा आहे. ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. तो मोफत आहे आणि मुक्तस्रोत आहे. जॉज हा जुना, भारदस्त पर्याय आहे, पण त्याच्या परवान्याला पैसे पडतात. त्याच्या खरेदीची नस्ती टेबलाटेबलावरून फिरेपर्यंत माणूस बसून राहू नये, म्हणून पहिल्या दिवशी एनव्हीडीए टाकून द्यावा.

टाकताना एक चूक हमखास होते. ॲडमिन पासवर्ड मिळत नाही म्हणून कुणीतरी पेन ड्राइव्हवरची पोर्टेबल प्रत चालवून देतो. ती चालते, पण विंडोजच्या पासवर्डच्या पडद्यावर ती बोलत नाही आणि परवानगी विचारणाऱ्या सुरक्षा चौकटीतही गप्प होते. म्हणजे रोज सकाळी संगणक सुरू करायला दुसऱ्याची वाट पाहायची. ॲडमिनला बोलावून ‘इन्स्टॉल’ हाच पर्याय घ्या आणि साइन-इनच्या पडद्यावर एनव्हीडीए वापरण्याच्या चौकटीतली खूण तशीच ठेवा. पुढे कधी तो बंद पडला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबले की पुन्हा सुरू होतो. एनव्हीडीएच्या आज्ञा देताना जी कळ दाबून धरायची ती एनव्हीडीए कळ, एरवी ती इन्सर्ट असते. पहिल्याच खिडकीत कॅप्स लॉकलाही एनव्हीडीए कळ म्हणून वापरायची सोय आहे, ती घ्यावी. लॅपटॉपवर इन्सर्ट शोधत बसावं लागत नाही.

आता भाषा. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एस दाबलं की आवाजाचं इंजिन निवडता येतं. त्यात ई-स्पीक एनजी निवडून एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही या सेटिंगमध्ये मराठी आवाज घ्यायचा. तो यंत्रासारखा वाटतो आणि ऐकणारे सहकारी नाक मुरडतात. पण वेग वाढवल्यावर तोच सगळ्यात स्वच्छ राहतो, आणि सरावलेला माणूस ज्या वेगाने ऐकतो तो बाजूच्याला नुसता खडखडाट वाटतो. विंडोजमधले हिंदी आवाज गोड आहेत, देवनागरीही वाचतात, मात्र मराठी मजकुराचे उच्चार हिंदी वळणाने करतात. दिवसभर शासकीय मराठी ऐकायची असेल तर मराठीच आवाज बरा. नवशिक्याने वेग मध्यम ठेवून दर आठवड्याला थोडा वाढवावा. विरामचिन्हांची पातळी एनव्हीडीए आणि पीने बदलते. पत्र वाचताना ती कमी ठेवावी, पण जावक क्रमांक तपासताना वाढवावी, नाहीतर तिरपी रेघ आणि कंस वाचलेच जात नाहीत आणि क्रमांक चुकतो.

आणखी एक सोय आता झाली आहे. २०२५.१ या आवृत्तीपासून दूरस्थ जोडणी एनव्हीडीएच्या आतच आली आहे. दोन्हीकडच्यांनी तीच किल्ली टाकली की पुण्यात बसलेला प्रशिक्षक गडचिरोलीतल्या लिपिकाच्या संगणकावर आज्ञा देऊन दाखवू शकतो आणि तिथला आवाज इथे ऐकू शकतो. कार्यालयाच्या नेटवर्कची परवानगी मात्र आधी घ्यावी, आणि काम संपल्यावर जोडणी तोडली आहे याची खात्री करावी.

टायपिंग: इनस्क्रिप्ट शिका

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणीच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की तोच येतो, आणि विंडोज कळ व स्पेसने इंग्रजी-मराठी बदलता येतं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची रचना आहे. न पाहता शिकणाऱ्याला याहून सोपं काय असणार? दुसरं, यात अक्षरं आपण उच्चारतो त्याच क्रमाने टाइप होतात. ‘स्थिती’ लिहायचं तर एम, डी, शिफ्टसह एल, एफ, एल, आर: म्हणजे स, हलंत, थ, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीत पहिली वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून आधी मारावी लागते. जो माणूस कागद बघतच नाही, त्याच्यासाठी ही उलटी चाल निरर्थक आहे.

दोन जागा नीट घोटून घ्याव्यात. रफार म्हणजे आधी र, मग हलंत, मग पुढचं अक्षर. ‘कार्य’मध्ये जे, डी आणि मग य. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ यांतला ऱ् वेगळा: तिथे शिफ्टसह जे आणि मग डी. हाच ऱ् काही लोक साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून काढतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे असतात. म्हणून यादीत ‘कऱ्हाड’ शोधलं तर नाव असूनही सापडत नाही. दृष्टिहीन माणसाचा सगळा शोध कंट्रोल आणि एफवर चालतो, त्यामुळे हा फटका त्यालाच आधी बसतो. संपूर्ण कार्यालयाने एकच पद्धत धरली तर डोळस लिपिकांचेही शोध चुकायचे थांबतात.

ऐकून शुद्धलेखन तपासण्यालाही मर्यादा आहे. ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ कानाला सारखेच. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक वेगात ऐकताना हातून निसटतो. वर्डमध्ये मराठी प्रूफिंगची साधनं बसवून घ्या आणि पत्र सोडण्याआधी एफ७ने तपासणी करा. संशय आला की बाणाने एकेक अक्षर ऐका. आणि ब्रेल सोडू नका. ‘आता सगळं ऐकता येतं, ब्रेल कशाला’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ज्यांनी शाळेत ब्रेल नीट वाचलं त्यांचं शुद्धलेखन वेगळंच पक्कं असतं, कारण त्यांनी शब्द बोटांनी पाहिलेला असतो. २० खान्यांचं ब्रेल डिस्प्ले यंत्र मिळालं तर एनव्हीडीएमध्ये मराठी ब्रेलची सारणी निवडून ओळ बोटांखाली वाचता येते.

जुने फॉन्ट

मराठी कार्यालयांत दृष्टिहीन माणसाचं काम सर्वांत जास्त कुठे अडत असेल तर इथे. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी योगेश, सुरेख आणि त्यांची भावंडं. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या गरजेतून आले आणि त्यांनी त्या काळी मोठं काम केलं. पण त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीच्या आकृत्या चिकटवलेल्या असतात. डोळ्याला ‘मराठी’ दिसतं, पण फायलीत साठवलेलं असतं इ, जे, के, बी, एच. स्क्रीन रीडर आकृती बघत नाही, तो साठवलेलं वाचतो. त्यामुळे दहा पानांचं टिपण उघडलं की कानावर इंग्रजी अक्षरांचा पाऊस पडतो.

हे ओळखायला दोन सोपे उपाय आहेत. मजकुरावर जाऊन एनव्हीडीए आणि एफ दाबा, फॉन्टचं नाव बोललं जातं. मंगल, कोकिळा, निर्मला यूआय ऐकू आलं तर मजकूर बहुधा युनिकोडमध्ये आहे. कृतिदेव किंवा डीव्ही-टीटीने सुरू होणारं नाव आलं तर गडबड आहे. किंवा चार शब्द उचलून नोटपॅडमध्ये टाका. तिथेही देवनागरी राहिली तर ठीक, नाहीतर रोमन अक्षरं उघडी पडतात.

सहकारी मदतीला येतात आणि सगळा मजकूर निवडून फॉन्ट मंगल करून देतात. याने काहीही साधत नाही. देवनागरीचा मुखवटा निघतो आणि आतली इंग्रजी अक्षरं सगळ्यांनाच दिसू लागतात. मजकुराचं रूपांतर करावं लागतं. त्यासाठीचे कन्व्हर्टर मिळतात, पण ते डोळे झाकून चालवू नयेत. क्रम असा ठेवा. मूळ फाइल तशीच ठेवून प्रत करा. प्रतीत एका जागी कर्सर ठेवून वर्डमधल्या ‘सारख्या स्वरूपाचा मजकूर निवडा’ या सोयीने तेवढाच जुन्या फॉन्टचा भाग निवडा, कारण त्याच परिच्छेदात टाइम्स न्यू रोमनमध्ये लिहिलेला ईमेल पत्ता किंवा वाहन क्रमांक असेल तर कन्व्हर्टर त्याचीही देवनागरी करून टाकतो. तक्ते एकदम न घेता एकेक स्तंभ घ्या. कन्व्हर्टरमध्ये फॉन्टचं नाव अचूक निवडा. श्रीलिपीचे एकाहून अधिक संच आहेत आणि चुकीचा संच निवडला तर निम्मी जोडाक्षरं बरोबर आणि निम्मी भलतीच येतात. हे सगळ्यात धोकादायक, कारण वरवर पाहता काम झाल्यासारखं दिसतं.

रूपांतर झाल्यावर तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. जोडाक्षरावरची पहिली वेलांटी एक अक्षर मागेपुढे सरकते. रफार शेजारच्या अक्षरावर जातो. क्ष, ज्ञ, श्र, द्ध आणि ळ गळतात किंवा बदलतात. बँक आणि ऑफिस यांतला अर्धचंद्र हरवतो. आणि अंक: रक्कम, दिनांक, जावक क्रमांक यांची मूळ फाइल बघणाऱ्या सहकाऱ्याबरोबर मोठ्याने मेळवणी करा. शब्द चुकला तर कळतो, पण ५ च्या जागी ६ आला तर ऐकणाऱ्याला तो खराच वाटतो.

जुन्या हजारो फायली एकदम रूपांतरित करायच्या मागे लागू नका. जी नस्ती चालू आहे, तेवढीच करा. खरा निर्णय पुढच्या कागदांबद्दल आहे: उद्यापासून या कार्यालयात प्रत्येक नवं पत्र युनिकोडमध्येच टाइप होईल. शासनाच्या सूचनाही तशाच आहेत. ज्यांचा हात जुन्या टंकलेखनाच्या मांडणीवर बसला आहे त्यांना नवीन मांडणी शिकायची सक्तीही करावी लागत नाही, कारण त्याच मांडणीने युनिकोडमध्ये टाइप करू देणारे कीबोर्ड आहेत. ज्येष्ठ लिपिकांचा विरोध बहुतेक वेळा या एका माहितीने मावळतो.

पीडीएफ आणि स्कॅन

पीडीएफ आली की आधी तिची जात ओळखायची. फाइल उघडून कंट्रोल आणि ए, मग कंट्रोल आणि सी, आणि नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि व्ही. काहीच आलं नाही तर आत नुसतं चित्र आहे. रोमन अक्षरं आली तर जुना फॉन्ट. देवनागरी आली पण मात्रा सुट्या पडल्या, जोडाक्षरं तुटली, तर पीडीएफ बनवणाऱ्या साधनाने अक्षरांचे संकेत नीट साठवलेले नाहीत. या तिसऱ्या प्रकारात छापील पान सुंदर दिसतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला तक्रार पटतच नाही. अशा वेळी वाद न घालता मूळ वर्ड फाइल मागून घ्यावी.

स्वतः पीडीएफ करताना वर्डच्या ‘सेव्ह ॲज’मधून करा आणि पर्यायांमध्ये ॲक्सेसिबिलिटीसाठीच्या टॅगची खूण ठेवा. प्रिंटच्या खिडकीतून पीडीएफ केली की शीर्षकं आणि तक्त्यांची रचना निघून जाते. वर्डमध्ये शीर्षकाला नुसतं ठळक न करता हेडिंगची शैली द्या. मग वाचणारा एच दाबत एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, नाहीतर ४० पानांच्या शासन निर्णयात परिच्छेद ९ शोधायला पहिल्या ओळीपासून ऐकत यावं लागतं.

स्कॅनमधला मराठी मजकूर मोकळा करायला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं साधन लागतं. एनव्हीडीए आणि आरने चालणारं विंडोजचं ओसीआर इंग्रजीला उपयोगी आहे, मराठीसाठी नाही. गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅन चढवून तो गुगल डॉक्समध्ये उघडला तर मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. परंतु सेवापुस्तक, वैद्यकीय देयक, चौकशीचा अहवाल असले कागद बाहेरच्या सर्व्हरवर चढवू नयेत. त्यासाठी टेसेरॅक्ट हे मोफत ओसीआर कार्यालयातल्याच संगणकावर बसवून त्याला मराठीची फाइल जोडून घ्यावी.

ओसीआर किती बरोबर येईल ते स्कॅन करणाऱ्याच्या हातात असतं. ३०० डीपीआय, करड्या छटांत, पान सरळ. मोबाइलवर तिरका फोटो काढून वॉट्सॲपवर पाठवला तर चित्र दाबलं जातं आणि मात्रा पुसल्या जातात. आणि शिक्का! आमच्याकडे गोल शिक्का नेमका नाव आणि दिनांकावर मारायची सवय आहे. शिक्क्याखालचं अक्षर ओसीआरला वाचता येत नाही. मोकळ्या जागेत शिक्का मारायला एक पैसाही लागत नाही. हाताने लिहिलेला शेरा, निळ्या शाईतलं ‘चर्चा करावी’, समासातली सही हे मात्र कुणीतरी वाचूनच सांगायला हवं. यावर चांगला तोडगा असा: टपाल नोंदवणाऱ्याने स्कॅनच्या विषयाच्या जागेत कुणाचं पत्र, काय हवंय आणि वरिष्ठांचा शेरा काय, अशा दोन ओळी युनिकोडमध्ये टाइप कराव्यात. त्या दोन ओळींवर दृष्टिहीन लिपिक स्वतःचं टपाल स्वतः लावू शकतो, कुठलं तातडीचं ते ठरवू शकतो.

एक्सेल आणि इतर प्रणाली

एक्सेलमध्ये कान एका वेळी एकाच चौकटीत असतो. वेतन देयकात ‘३२४०’ ऐकू आलं तर तो घरभाडे भत्ता की कपात, हे सांगणारा मथळा सोबत यायला हवा. त्यासाठी मथळ्यांच्या ओळीत पहिल्या मथळ्यावर जाऊन एनव्हीडीए, शिफ्ट आणि सी एकदा दाबायचं. नावांच्या स्तंभासाठी पहिल्या नावाजवळ एनव्हीडीए, शिफ्ट आणि आर. मग कुठेही गेलं तरी ‘कुणाचा, कोणता आकडा’ हे बोललं जातं. गडबडीत दोनदा दाबलं तर ते काढून टाकलं जातं, मग माणसाला वाटतं सोय चालत नाही.

शीट बनवणाऱ्यांनी तीन गोष्टी टाळाव्यात. चौकटी जोडू नका. जोडलेल्या चौकटीवर कर्सर उड्या मारतो आणि स्तंभांची गणना हातची जाते. शोभेसाठी मध्ये रिकाम्या ओळी सोडू नका. कंट्रोल आणि खालचा बाण तिथेच थांबतो आणि यादी संपली असं वाटतं. आणि ‘पिवळ्या केलेल्या नावांची माहिती बाकी आहे’ असं करू नका. रंगाऐवजी ‘शेरा’ असा स्तंभ जोडून ‘प्रलंबित’ लिहा. त्यावर गाळणीही लावता येते, जी रंग बघून हाताने मोजण्यापेक्षा सगळ्यांनाच सोयीची पडते.

कार्यालयीन वेब प्रणालींचं दुखणं वेगळं. बटणावर चित्र असतं, नाव नसतं, आणि कानावर फक्त ‘बटण, बटण, बटण’ येतं. प्रणाली घेण्याआधी परीक्षा सोपी आहे: माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, बाण आणि एंटरने एक अर्ज पूर्ण भरून जमा करा. अडकलात तर दृष्टिहीन कर्मचारीही अडकणार. एनव्हीडीए आणि एफ७ने पानावरच्या दुवे, शीर्षकं, बटणं यांची यादी उघडते. त्यात बिननावाच्या गोष्टी किती ते एका मिनिटात कळतं, आणि विक्रेत्याला पाठवायच्या तक्रारीत तीच यादी जोडता येते. चित्रातलाच कॅप्चा, तोही आवाजाच्या पर्यायाशिवाय, हा तर दरवाजाच बंद. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी जोडला आहे. आपल्या जिल्ह्याच्या प्रणालीबद्दल पत्र लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

टेबलापासून फाटकापर्यंत

कार्यालयाची ओळख पहिल्याच दिवशी करून द्यावी, पण हात धरून ओढत नेऊ नका. त्याला आपला कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. प्रवेशद्वारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून स्वच्छतागृहापर्यंत, साहेबांच्या दालनापर्यंत असे तीन मार्ग पक्के झाले की बाकीचं तो काठीने शोधतो. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट उघडं दार काठीला चुकवून कपाळावर बसतं. भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगलेली अग्निशामक नळकांडी, उघडी राहिलेली खिडकीची झडप, पॅसेजमध्ये रचलेले जुन्या नस्त्यांचे गठ्ठे हे तपासा. टेबलाची जागा बदलायची असेल तर त्याच्यासमोर बदला. आवाजाच्या खुणा फार उपयोगी पडतात. मुंबईत लोकलच्या दिव्यांग डब्याची जागा फलाटावरच्या बीपने कळते, तसंच कार्यालयात पाण्याचा फिल्टर, घड्याळ, झेरॉक्स यंत्र यांच्या जागा स्थिर असल्या की दिशा कळते.

सही त्याला करता येते. जाड पुठ्ठ्यात साधारण सात सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर उंच खिडकी कापा, सहीच्या जागी ठेवा, पेन त्या चौकटीच्या आत राहतं. दृष्टिहीन आहे म्हणून अंगठाच हवा, असा आग्रह धरू नये. पगाराचं खातं उघडतानाही हेच. चेकबुक, एटीएम कार्ड, नेट बँकिंग नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवलेलं आहे.

नोटांचं म्हणाल तर नव्या मालिकेत १००, २०० आणि ५०० या तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटर, आणि लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा फरक रांगेत उभं राहून बोटांना कळणं कठीण. कडेच्या उठावाच्या रेघा १०० वर चार, २०० वर चार आणि मध्ये दोन वर्तुळं, ५०० वर पाच. कोऱ्या नोटेवर त्या लागतात, मळलेल्या नोटेवर नाही. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने आणलेलं मनी हे ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट ओळखतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) असताना यूपीआयचा पिन टाकायचा तर इअरफोन लावूनच, आणि पडदा काळा ठेवण्याची सोय सुरू करून.

ज्यांची दृष्टी नोकरीत असताना जाते त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मधुमेहाने, काचबिंदूने ती हळूहळू जाते आणि माणूस भीतीपोटी लपवत राहतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे सेवेत दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. त्याच वेतनावर दुसरं पद द्यायचं, आणि तसं पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवायचं. नजर थोडी उरलेली असताना विंडोज कळ आणि अधिकचं चिन्ह दाबून मॅग्निफायर, कंट्रोल, ऑल्ट आणि आयने उलटे रंग, खिडकीकडे पाठ न करता बाजूने येणारा उजेड एवढ्याने बराच काळ काम चालतं. पण त्याच काळात स्क्रीन रीडरही शिकायला घ्यावा. दिसत असताना कळा पाठ करणं पुष्कळ सोपं असतं.

सगळं बसल्यावर एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतून पोर्टेबल प्रत तयार करा आणि आपल्या सेटिंगसह ती घ्या. उच्चारांचा कोश, विरामचिन्हांची पातळी, आवाजाचा वेग सगळं तिच्यात येतं. विंडोज अद्ययावत झाल्यावर काही बिघडलं तर ती हाताशी असते, आणि बदलीच्या ठिकाणी नवं यंत्र मिळालं की त्याच प्रतीतून इन्स्टॉल करताना सेटिंग सोबत नेता येतात. बदलीच्या आदेशाबरोबर नव्या कार्यालयाला पाठवायच्या पत्रात एवढं लिहा: एसएसडी असलेला संगणक, पूर्ण आकाराचा कीबोर्ड, एका कानाचा हेडफोन, रुजू होण्याच्या दिवशी ॲडमिन पासवर्ड असलेला माणूस हजर.